एल्डर व्हायच्या आधी: चर्चचा नियम आणि आपलं मन

यंदा आमच्या चर्चच्या मंडळीने मला एल्डर, म्हणजे पाळकांबरोबर चर्चचा कारभार बघणारी, म्हणून निवडलंय. हे लिहिताना अजूनही हसू येतं, कारण मिरजेला लहानपणी एल्डर म्हणजे पांढऱ्या शर्टातले, दानाच्या थाळ्या मोजणारे आणि आम्ही बाकावर चुळबुळ केली की डोळे वटारणारे काका. आता तिथे मी. तेही पेनसिल्व्हेनियात. माहेर मिरजेचं, म्हणजे ज्या गावात प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशनच्या वॉनलेस डॉक्टरांनी हॉस्पिटल उभं केलं तिथलं, त्यामुळे इथे आल्यावर प्रेस्बिटेरियन चर्च शोधणं हे ओघानेच आलं. नवरा गोव्याचा, कॅथलिक, त्याच्यावर नंतर येते.

तर निवडून आलं म्हणजे झालं असं नाही. आधी ट्रेनिंग, मग सेशन, म्हणजे मंडळीतल्या पाळक आणि एल्डरांचं मंडळ, आपली परीक्षा घेणार, मग एका रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून ठरलेल्या प्रश्नांना "हो" म्हणायचं आणि मग डोक्यावर हात ठेवून दीक्षा. पाळकांना जे प्रश्न असतात जवळपास तेच एल्डरना आणि डीकनना (मदतसेवेचं काम बघणारे). त्यातले दोन मला रात्री जागवतात. एक, आमच्या विश्वासांगीकारांत, म्हणजे चर्च काय मानतं ते लिहून ठेवलेल्या मजकुरांत, मांडलेली रिफॉर्म्ड (आमच्या परंपरेच्या) श्रद्धेची आवश्यक तत्त्वं तू मनापासून स्वीकारतेस का. दुसरा, चर्चच्या कारभाराच्या नियमांखाली राहशील का आणि त्याची शिस्त पाळशील का.

साध्या सभासदाला यातलं काही विचारत नाहीत हं. येशूवर विश्वास आहे, ये बस. पण पद घ्यायचं म्हटलं की प्रकरण बदलतं. पीसीयूएसएच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या घटनेत सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर एक वेगळं कलमच आहे. त्याचा आशय असा, की शास्त्राचा अर्थ लावायचं स्वातंत्र्य शक्य तेवढं जपायचं, पण पद स्वीकारणारा माणूस हे स्वातंत्र्य काही मर्यादेत वापरायचं असं स्वतःहून ठरवतो, आणि जोवर पदावर आहे तोवर त्याची सदसद्विवेकबुद्धी चर्चने लावलेल्या देववचनाच्या अर्थाला बांधलेली असते. बांधलेली! आणि हेच चर्च पहिलं तत्त्व काय सांगतं, तर सदसद्विवेकबुद्धीचा धनी एकटा देव. हे वाक्य 1640 च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारातलं, अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी 1788 मध्ये आपल्या तत्त्वांच्या यादीत ते पहिल्या नंबरावर ठेवलं. आणि लगेच दुसऱ्या नंबरावर काय, तर प्रत्येक चर्चला आपल्यात कोणाला घ्यायचं याच्या अटी ठरवायचा हक्क आहे, त्या अटी फार सैल झाल्या किंवा फार घट्ट झाल्या तरी. म्हणजे भांडणाची दोन्ही टोकं पहिल्याच पानावर शेजारी शेजारी बसवून ठेवलीत.

मी वाचत बसले कारण मला बघायचं होतं की आधीच्यांनी हे कसं निभावलं. आणि वाचता वाचता एक गोष्ट अशी दिसायला लागली जी ट्रेनिंगमध्ये कोणी सांगत नाही, ती पुढे येईलच.

सुरुवात फिलाडेल्फियात, 1729 मध्ये. त्या आधी आयर्लंडच्या उत्तरेत यावरून जोरात भांडण झालेलं, की पाळकाने वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारावर सही करायची की नाही, आणि सही न करणाऱ्यांची वेगळी प्रेस्बिटरी, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांचं मिळून एक मंडळ, करून तीच बाहेर काढली होती. तिथून आलेल्या लोकांना इथेही सही हवी होती. आणि न्यू इंग्लंडकडच्या वळणाचे लोक, त्यात न्यू जर्सीतल्या एलिझाबेथटाऊनचे जोनाथन डिकिन्सन पुढे, ते म्हणत होते की माणसांनी लिहिलेल्या कागदावर सही कशाला, बायबल आहे की. दोघं एकाच सिनॉडमध्ये, म्हणजे प्रेस्बिटऱ्यांच्या वरच्या सभेत. फुटणार हे जवळपास नक्की होतं, पण 19 सप्टेंबरला सकाळी त्यांनी एक तोडगा काढला. विश्वासांगीकार सगळे स्वीकारतील, पण कोणा पाळकाला त्यातलं एखादं कलम मनाला टोचत असेल, म्हणजे ज्याला अजूनही इथे स्क्रुपल म्हणतात, तर त्याने ते तिथेच उघडपणे सांगायचं, आणि प्रेस्बिटरीने ठरवायचं की ही गोष्ट आवश्यक तत्त्वांपैकी आहे का. नसेल तर घ्या त्याला. आणि मतभेद आहे म्हणून त्याच्याशी वाईट वागायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, हेही लिहून ठेवलं. मग दुपारी बसून सगळ्यांनी आपापले स्क्रुपल सांगितले, आणि मुख्य आक्षेप कशाला निघाला, तर सरकारी सत्तेला चर्चच्या कारभारात अधिकार देणाऱ्या काही ओळींना. त्या ओळी बाजूला ठेवून बाकीचं स्वीकारलं.

मला यातली सगळ्यात हुशारीची, आणि सगळ्यात लबाडीची पण, गोष्ट ही वाटते की आवश्यक तत्त्वं कोणती याची यादी त्यांनी केलीच नाही. आजच्या पीसीयूएसएतही नाही. ज्या त्या वेळच्या ज्या त्या प्रेस्बिटरीने समोर बसलेल्या माणसाकडे बघून ठरवायचं. यादी केली असती तर त्याच दुपारी फुटले असते.

अर्थात यादी नाही म्हणजे काहीही चालतं असं नव्हतं. पाचसहा वर्षांतच आयर्लंडहून आलेल्या सॅम्युएल हेम्पहिल नावाच्या तरुण प्रचारकावर फिलाडेल्फियात खटला झाला, आणि त्याची बाजू घेऊन पत्रकं छापणारा माणूस कोण, तर बेंजामिन फ्रँकलिन! फ्रँकलिनला त्याची प्रवचनं आवडायची, त्यात सिद्धांत कमी आणि चांगलं वागण्यावर भर जास्त. मग विरोधकांतल्या एकाच्या लक्षात आलं की हे प्रवचन कुठेतरी वाचलंय, आणि निघालं ते दुसऱ्याचं. फ्रँकलिन तरी म्हणाला, स्वतःची रद्दी ऐकवण्यापेक्षा दुसऱ्याचं चांगलं ऐकवलेलं मला चालतं. हेम्पहिल हरला, निघून गेला, फ्रँकलिनने चर्चला जाणं सोडलं, पण पाळकांच्या खर्चासाठीची वर्गणी मात्र पुढे कैक वर्षं देत राहिला. (आमच्याकडे पण असे दोघेतिघे आहेत, दिसत नाहीत पण चेक येतो.)

पुढे 1741 मध्ये फूट पडलीच, वेगळ्या कारणांनी, आणि 1758 मध्ये परत एकत्र येताना त्यांनी एक नियम लिहिला जो मला 1729 च्या तोडग्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. बहुमताने एखादी गोष्ट आवश्यक म्हणून ठरवली की तुमच्यापुढे तीन रस्ते. मनापासून साथ द्या. नाहीतर पटलं नाही तरी निमूट मान्य करा. दोन्ही जमत नसेल तर आधी तुमचं म्हणणं मांडायची, वाद घालायची, निषेध करायची पुरेशी मुभा आहे, आणि तरीही नाही जमलं तर भांडणतंटा न करता बाहेर पडा. कोणाला जबरदस्तीने आत ठेवायचं नाही आणि कोणी आत राहून गाडा अडवायचा नाही.

ऐकायला छान. आता 1974 मधलं पिट्सबर्ग.

विन केनियन नावाचा तरुण पिट्सबर्गच्या सेमिनरीतून (पाळकांच्या कॉलेजातून) नुकताच बाहेर पडलेला, अभ्यासात हुशार, दीक्षेसाठी प्रेस्बिटरीपुढे आला. त्याला विचारलं की तू बाईला एल्डर म्हणून दीक्षा देशील का. तो म्हणाला नाही, माझ्या मते शास्त्र तशी परवानगी देत नाही. पण पुढे तो हेही म्हणाला की मी कोणाला अडवणार नाही, माझ्या मंडळीने बाईला निवडलं तर दुसऱ्या पाळकाला बोलावून ते करू दे, आधीच दीक्षा झालेल्या बायकांबरोबर मी काम करीन. अगदी 1729 च्या पद्धतीने, उघडपणे, आधी सांगून. प्रेस्बिटरीने बहुमताने त्याला घ्यायचं ठरवलं. त्यावर तक्रार झाली, आणि चर्चच्या सगळ्यात वरच्या न्यायमंडळाने निकाल फिरवला. त्या चर्चमध्ये बायका 1930 पासून एल्डर होत होत्या, 1956 मध्ये मार्गारेट टाऊनर पहिली बाई पाळक झालेली. न्यायमंडळाचं म्हणणं, स्त्रीपुरुष समान हा आता आमच्या घटनेचा स्पष्ट भाग आहे, एल्डरना दीक्षा देणं हे पाळकाचं काम आहे, ते काम मी करणार नाही असं आधीच सांगणाऱ्याला पद देता येत नाही. झालं. केनियनला तिथे दीक्षा मिळाली नाही. पुढे तो प्राध्यापक झाला, तत्त्वज्ञान शिकवलं.

आता बघा, मी बाई आहे आणि एल्डर होणारे. माझ्याच डोक्यावर हात ठेवायला नको म्हणणारा हा माणूस. निकाल वाचून मला बरं वाटायला हवं होतं, वाटलंही, पण सलग नाही वाटलं. कारण हा माणूस खोटं बोलला असता, किंवा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला असता, तर दीक्षा पदरात पडली असती आणि त्याच्या मंडळीतल्या बायकांना दर वेळी काहीतरी कारण सांगून त्याने टाळलं असतं. प्रामाणिकपणाची शिक्षा प्रामाणिक माणसाला झाली, हे मला नाकारता येत नाही. पण दुसरीकडे, त्याच्या मंडळीत निवडून आलेल्या एखाद्या बाईचा विचार करा. ती रविवारी पुढे येऊन उभी राहते, तिचे स्वतःचे पाळक बाजूला सरकतात, आणि हात ठेवायला शेजारच्या गावचे कोणीतरी पाद्रीसाहेब बोलावलेत. तिला तो अपमान दर रविवारी आठवणार. त्याच्या मनाच्या शांतीचं बिल तिने भरायचं? त्याचं मत त्याच्यापाशी असतं तर माझी काहीच हरकत नव्हती. पण पदावर बसलेल्याचं "मी नाही करणार" हे कधीच एकट्याचं राहत नाही, ते कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडतं. म्हणून निकाल बरोबर होता असं मला वाटतं. सहज नाही वाटत, पण वाटतं.

बरेच लोक त्यानंतर नाराज होऊन गेले, आणि 1981 मध्ये जे नवं इव्हँजेलिकल प्रेस्बिटेरियन चर्च निघालं त्यात बायकांच्या दीक्षेचा निर्णय स्थानिक पातळीवर सोडला गेला.

आता ती गोष्ट जी मी मघाशी म्हणाले. केनियनच्या वेळी "सदसद्विवेकाचा मान राखा, 1729 आठवा" असं कोण म्हणत होतं? परंपरावादी. "नियम तो नियम, पद हवं तर पाळावा लागेल" असं कोण? प्रगतीवाले. वीसेक वर्षं थांबा. 1996 च्या जनरल असेंब्लीने, म्हणजे चर्चच्या सगळ्यात वरच्या सभेने, प्रस्ताव दिला आणि 1997 मध्ये प्रेस्बिटऱ्यांच्या मतदानाने घटनेत कलम बसलं, की पदावर असलेल्यांनी एकतर स्त्रीपुरुषाच्या लग्नात एकनिष्ठ राहावं नाहीतर एकटं असताना ब्रह्मचर्य पाळावं. म्हणजे जोडीदारासोबत राहणाऱ्या गे आणि लेस्बियन लोकांना दार बंद. आणि आता बाजू उलट्या! 2006 मध्ये, एका टास्क फोर्सने कितीतरी वर्षं एकत्र बसून काम केल्यावर, बर्मिंगहॅमच्या असेंब्लीने ठरवलं की उमेदवार स्क्रुपल सांगू शकतो आणि दीक्षा देणारी संस्था ठरवेल की हा आक्षेप आवश्यक गोष्टीला धक्का देतो का. प्रगतीवाले खूश, 1729 ची आठवण आता त्यांना यायला लागली. आणि परंपरावादी म्हणायला लागले नियम तो नियम, आणि पुराव्याला कोणाचा खटला काढला, तर केनियनचा! फेब्रुवारी 2008 मध्ये पिट्सबर्गच्याच एका केसमध्ये न्यायमंडळ म्हणालं, मत वेगळं असायला मुभा, वागण्यात मुभा नाही. त्याच वर्षी सॅन होजेच्या असेंब्लीने नवा अर्थ लावून ते परत उलटवलं.

मी दोन्हीकडची जुनी भाषणं आणि निवेदनं वाचली तेव्हा असं वाटलं की नावं झाकली तर कोण कुठल्या साली बोलतंय ते ओळखता येणार नाही. मोकळीक सगळ्यांना हवी, आपापल्या टोचणीपुरती. मी स्वतः कुठल्या बाजूची आहे हे एव्हाना कळलं असेलच, मला 2011 चा बदल, म्हणजे 1997 चं ते कलम काढून टाकलं तो, मनापासून आवडला, पण म्हणून आमच्या बाजूने तत्त्वासाठी तत्त्व धरलं होतं असं काही मी म्हणणार नाही.

1758 च्या त्या तीन रस्त्यांमध्ये न बसणारेही आहेत. जेन स्पार, कॅलिफोर्नियातल्या निवृत्त पाळक. 2008 मध्ये तिथे समलिंगी लग्न काही महिने कायदेशीर होतं तेव्हा त्यांनी उघडउघड लग्नं लावली, चर्चचा नियम नाही म्हणत असताना. साथ नाही, निमूट मान्य नाही, बाहेरही पडल्या नाहीत. खटल्याला सामोऱ्या गेल्या. 2010 मध्ये नापाला त्यांच्या प्रेस्बिटरीच्या न्यायमंडळाने त्यांना दोषी धरून समज द्यायची ठरवली आणि त्याच निकालात त्यांच्या सेवेचं कौतुक केलं, आणि आमचेच नियम एकमेकांशी भांडतायत अशी कबुलीही दिली. असा निकाल मी तरी दुसरा वाचला नाही. 2012 मध्ये वरच्या न्यायमंडळाने दोष कायम ठेवला, आणि प्रेस्बिटरीने ती समज द्यायलाच नकार देणारा ठराव केला.

आणि स्पारबाईंच्या शेजारी मला कोण बसवावासा वाटतो, तर ग्रेशम मेचन. दोघांनाही हे आवडणार नाही. मेचन कट्टर परंपरावादी, आपलं चर्च परदेशी मिशनमध्ये भलत्याच शिकवणीला थारा देतंय म्हणून त्याने 1933 मध्ये स्वतंत्र मिशन बोर्ड काढलं. 1934 च्या असेंब्लीने सांगितलं सोडा, तो म्हणाला हा हुकूमच घटनाबाह्य आहे, सोडत नाही. न्यू जर्सीत खटला चालला, आणि हुकूम कायदेशीर आहे की नाही यावर त्याला बोलूच दिलं नाही. 1936 मध्ये निलंबन कायम झालं आणि त्याने नवं चर्च काढलं. त्याची मतं मला बिलकुल पटत नाहीत, पण त्याला बोलू दिलं नाही हे वाचून माझा संताप झाला. 1758 च्या नियमात "वाद घालायची पुरेशी मुभा" असं आहे ना, मग?

"बाहेर पडा" हा रस्ताही कागदावर सोपा. स्कॉटलंडमध्ये 1843 मध्ये पाळक कोण नेमायचा हे जमीनदाराने ठरवायचं की मंडळीने, यावरून साडेचारशेच्या वर पाळक सरकारमान्य चर्चमधून उठून गेले, घरं आणि पगार सोडून. त्याचा झटका थेट मुंबईला बसला, कारण तिथले स्कॉटिश मिशनरी, विल्सन, नेस्बिट, मरे मिचेल, सगळे बाहेर पडलेल्यांनी काढलेल्या फ्री चर्चकडे गेले आणि शाळेसाठी बांधत आणलेली नवी इमारत जुन्या चर्चला देऊन मोकळे झाले. विल्सन कॉलेजचे आपण फोटो बघतो तेव्हा हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. आणि पीसीयूएसएत आज? चर्चची इमारत मंडळीने बांधलेली असली तरी ती सगळ्या संप्रदायाच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली असते. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या मोठ्या मंडळीला 2014 मध्ये बाहेर पडायला जवळपास 89 लाख डॉलर मोजावे लागले. ज्यांच्याकडे तेवढे नाहीत त्या छोट्या मंडळीची सदसद्विवेकबुद्धी काय करते, मला माहितीये, गप्प बसते.

2015 मध्ये लग्नाची व्याख्या बदलली, दोन व्यक्तींमधलं नातं, परंपरेने स्त्री आणि पुरुष, अशी. पण तिथे शहाणपण केलं असं मला वाटतं, कुठल्याही पाळकाला असं लग्न लावायची किंवा सेशनला जागा द्यायची सक्ती नाही, हे सोबतच लिहिलं. म्हणजे लग्नात नकार चालतो, बाईच्या दीक्षेत चालत नाही. विसंगत आहे का? आहे थोडी. पण लग्न लावायला दुसरा पाळक मिळतो, लग्न कुठेही लागतं. मी मात्र एल्डर होणार ते माझ्याच मंडळीत, माझ्याच लोकांपुढे. 2024 च्या सॉल्ट लेक सिटीच्या असेंब्लीने उमेदवारांना सर्वांच्या सहभागाच्या, म्हणजे गे-लेस्बियन धरून कोणालाही भेदभावाने बाहेर न ठेवण्याच्या, तत्त्वाबद्दल परीक्षेत विचारा असा बदल मतदानाला पाठवला, तेव्हा परंपरावादी परत 1729 काढून बसले. त्यांची भीती मला कळते. केनियनच्या खटल्यानंतर ती फुकटची म्हणता येत नाही.

माझं स्वतःचं स्क्रुपल एकदम स्वस्तातलं आहे. आमच्या विश्वासांगीकारांच्या पुस्तकात हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी आहे, 1563 ची, तिच्या ऐंशीव्या प्रश्नात कॅथलिक मिस्साला, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनाविधीला, शापित मूर्तिपूजा म्हटलंय. माझ्या सासूबाई मडगावला रोज सकाळी मिस्साला जातात आणि तिथे माझ्या नावाने प्रार्थना करतात. मी त्या ओळीला हो म्हणणार नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, सांग तुमच्या सेशनला, आम्ही पण तुमच्याबद्दल काही कमी लिहिलेलं नाही. तसं पीसीयूएसएने स्वतःच म्हटलंय की त्या काळातली कॅथलिकांवरची असली वाक्यं आज चर्चची भूमिका नाहीत, म्हणजे मी आक्षेप सांगितला तर सेशनमध्ये कोणी भुवई पण वर करणार नाही. क्लार्क लिहून घेईल आणि पार्किंगमधला बर्फ काढायच्या काँट्रॅक्टवर चर्चा सुरू होईल.

महाग स्क्रुपल दुसऱ्या कोणाचं तरी येणार, आणि तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे बसलेली असणार. उद्या आमच्याच मंडळीतला एखादा भला माणूस एल्डर म्हणून निवडून आला आणि परीक्षेत म्हणाला की बायकांच्या डोक्यावर मी हात ठेवणार नाही, बाकी सगळं करीन, तर माझं मत नाही असंच पडेल. पण त्याला पूर्ण बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, आणि नाही का म्हणतोय ते त्याला तोंडावर सांगायचं, नंतर ईमेलने नाही, एवढं मी सेशनकडे आत्ताच मागून ठेवणार आहे.